खोडलेल्या किमतीचा बाजार

ऑनलाइन सेल लागला की पहिल्याच पानावर लाल अक्षरं: 'ऐंशी टक्के सूट!' ऐंशी टक्के कशावर? एमआरपीवर. आणि ती एमआरपी ठरवतो कोण? माल बनवणारा नाहीतर आयात करणारा, स्वतःच. औषधांसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या तर ती किती असावी याला कसलाही लगाम नाही. पाकिटावर छापा आणि तिच्यावर एक रुपया घेऊ नका, एवढंच बंधन. मग अडीच हजाराच्या मिक्सरवर आठ हजार छापायचे, त्यावर काट मारायची आणि बारा महिने 'सूट' देत बसायचं. जी किंमत कुणी कधी दिलीच नाही, तिच्यावर कसली सूट देता? सरळ सरळ थाप आहे ही!

युरोपात 2022 पासून नियम आहे की सूट जाहीर करायची असेल तर आधीच्या 30 दिवसांतली सगळ्यात कमी किंमत दाखवायची. आपल्याकडे नोव्हेंबर 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या वेबसाइट-ॲपवरच्या युक्त्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं आली. खोटी घाई लावणं, न विचारता कार्टमध्ये काहीतरी सरकवणं, पैसे भरायच्या पायरीवर किंमत वाढवणं, असे 13 प्रकार त्यात नावानिशी दिलेत. तरी 'ऑफर संपतेय'चा टायमर शून्यावर येतो आणि पान रिफ्रेश केलं की पहिल्यापासून सुरू होतो.

'नो कॉस्ट ईएमआय'चंही तेच. बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम आधी किमतीतून वजा करून दाखवतात. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी तुमच्या खिशातून. वर प्रोसेसिंग फी, तिच्यावर पुन्हा जीएसटी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना सुनावलंय.

पण खरं डोकं फिरलं ते मावशीच्या एसएसडीमुळे, म्हणजे फोटो-फाइली साठवायच्या डबीमुळे. नातवाच्या बारशापासूनचे फोटो ठेवायला तिने '2 टीबी' एसएसडी घेतली, हजाराच्या आत. मोबाइलमधली जागा मोकळी करायची म्हणून मूळ फोटो काढून टाकले. सुरुवातीचे फोटो नीट उघडतात. पुढच्यांची नावं दिसतात, साइज दिसते, उघडत एकही नाही. डबी फोडली, तर आत गरम गोंदाने चिकटवलेलं इवलंसं मेमरी कार्ड आणि हाताला जड लागावी म्हणून लोखंडाची पट्टी. ती पट्टी बघून तर अंगाचा तिळपापड झाला. कुणीतरी बसून विचार केलाय हो त्या वजनाचा! फर्मवेअरमध्ये, म्हणजे कार्डाच्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, फेरफार करून कॉम्प्युटरला 2 टीबी सांगायचं आणि खरी जागा भरली की पुढचं सगळं वाऱ्यावर सोडायचं, ही यांची कारागिरी. एच2टेस्टडब्ल्यू किंवा एफ3 असलं खरी जागा तपासणारं सॉफ्टवेअर चालवलं की हे उघडं पडतं, पण साठीतल्या बाईने आता तेही शिकायचं का?

परत करायची मुदत सात दिवस. लबाडी कळते जागा भरल्यावर, म्हणजे महिन्यांनी. रेटिंग चारच्या वर, आणि रिव्ह्यू वाचावेत तर निम्मे मोबाइल कव्हरचे! जुन्या लिस्टिंगवरच नवा माल चढवलेला. कस्टमर केअर म्हणतं, 'मॅडम, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत, सेलरशी बोला.' आणि सेलरचं पानच गायब. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. मावशीला मिळाले ते 'आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत'चे मेल. पुण्याच्या तापकीर गल्लीत नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला दोन पैसे जास्त गेले असते, पण दुकानात जाऊन उभं तरी राहता आलं असतं.

आणि 'एवढ्या स्वस्तात मिळते का, कळायला नको?' असं मावशीलाच ऐकवणाऱ्यांनी तोंड बंद ठेवावं. तिने खणखणीत पैसे मोजले होते. पानावर 2 टीबी लिहिलं होतं. त्या विक्रीतलं कमिशन कापून घेताना प्लॅटफॉर्मला सेलर बरोबर सापडला होता, मग आता कुठे हरवला तो? शोधा, आणि तिचे पैसे परत करा. फोटो तर गेलेच.