नेढ्यात सिमेंट

मासे फसवायला गळावर दोरा-पिसांचा खोटा किडा, म्हणजे फ्लाय, बांधतात आणि तिच्या डोक्यावरचे दोऱ्याचे वेढे पक्के करायला हेड सिमेंट नावाचा चिकट द्रव लावतात. या हेड सिमेंटच्या बाटलीला झाकणासकट ब्रश द्यायची कल्पना ज्याच्या सुपीक डोक्यातून निघाली, त्याला एकदा माझ्या टेबलाशी बसवून २२ नंबरच्या गळावर मिज, म्हणजे चिलटाची नक्कल करणारी फ्लाय, बांधायला लावलं पाहिजे. गळ केवढा, तर तांदळाच्या दाण्याएवढा. त्याचं डोकं म्हणजे दोऱ्याचे मोजून चार वेढे. आणि ब्रश? अख्ख्या फ्लायपेक्षा जाड! टेकवला रे टेकवला की सिमेंट डोक्यावर नावाला आणि बाकी सगळं गळाच्या नेढ्यात.

बरं, हे घरी दिव्याखाली दिसावं ना! नाही दिसत. पातळ पापुद्रा असतो, पारदर्शक. तो दिसतो जानेवारीत, कोलोरॅडोतल्या साउथ प्लॅट नदीच्या बर्फगार पाण्यात मांडीपर्यंत उभं असताना. समोर ट्राउट मजेत खऱ्या मिज टिपतायत, आपली बोटं बधिर झालीत, आणि सिक्स एक्सचा टिपेट, म्हणजे फ्लाय ज्याला अडकवतात तो दोरीचा शेवटचा बारीक तुकडा, जो जेमतेम ०.००५ इंच जाडीचा असतो, तो काही केल्या नेढ्यातून जात नाही. मग दुसऱ्या गळाच्या टोकाने खरवडत बसा. खरवडताना दोरा तुटला की फ्लायही गेली. तोवर मासेही गेलेले असतात.

त्यात डेन्व्हरची ही कोरडी हवा. बाटलीचं झाकण उघडलं की आतलं सॉल्व्हंट उडायला लागतं आणि काही दिवसांत सिमेंटची रबडी होते. अरे, या सिमेंटचं काम काय? दोऱ्याच्या वेढ्यांत मुरणं. रबडी मुरेल कशी? ती वर गोळा होऊन चकाकत बसते, फोटोत फार छान दिसते, आणि आतला दोरा कोरडा तो कोरडाच. बरं, पातळ करायचं तर कशाने? लेबलवर चकार शब्द नाही. फक्त ‘आमचंच थिनर वापरा’, म्हणजे आणखी एक बाटली, आणखी काही डॉलर. लॅकरवालं वेगळं, पाण्यातलं वेगळं. भलतंच काही ओतलंत तर दोन्ही बाटल्या वाया. वासाचं तर बोलायलाच नको. थंडीत खिडक्या बंद, आणि आतून बायकोची हाक, “अरे, घराला रंग काढलायस का?”

यावर शहाणे लोक सांगतात, सुपरग्लू वापर. वापरला. तो मुरतो, कबूल. पण कुठवर मुरायचं याचं त्याला भान नाही; थेट फ्लायभोवती गुंडाळलेल्या पिसाच्या, म्हणजे हॅकलच्या, तंतूंत शिरतो आणि मऊ पिसाच्या काड्या करून ठेवतो. वर पांढुरकी साय धरतो ती वेगळीच. दुसरे शहाणे म्हणतात, यूव्ही रेझिन घे, ते अतिनील प्रकाशाने घट्ट होतं. म्हणजे रेझिन घ्या, टॉर्च घ्या, टॉर्चच्या बॅटऱ्या घ्या. एवढं करून वरचा थर चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन त्याला नीट जमू देत नाही. आणि काळ्या दोऱ्याखाली जिथे प्रकाशच पोचत नाही, तिथलं रेझिन ओलंच. भीक नको पण कुत्रा आवर!

खरं सांगू? मेण लावलेला दोरा आणि नीट ओढून घेतलेले दोन व्हिप फिनिश, म्हणजे दोऱ्याच्या शेवटच्या गाठी, एवढ्यावर मिज खुशाल टिकते. सिमेंटचा थाट करायचा तर तो स्ट्रीमर आणि सॅमन फ्लाय यांसारख्या मोठ्या फ्लायवर करा. तिथे डोकं मोठं असतं, थरावर थर चढवायला जागा असते. बारक्या फ्लायला लावायचंच असेल तर बॉडकिनच्या, म्हणजे दाभणासारख्या सुईच्या, टोकावर थेंबाचाही थेंब घ्या, आणि ओलं आहे तोवर एखादं टाकाऊ पीस नेढ्यातून ओढून काढा. हे एवढं वाक्य बाटलीवर छापायला काय जातं यांचं? पण नाही! लेबलवर उड्या मारणारा ट्राउट मात्र चार रंगांत.

परवा दुकानात हे सगळं बोलून दाखवलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, आता सुईच्या तोंडाची नवीन बाटली आलीय, घेऊन बघा. घेतली. सुई दुसऱ्याच दिवशी चोंदली. ती मोकळी करायला झाकणात एक बारीक तार दिलेली असते म्हणे. ती तार आता आतच चिकटून बसली आहे.