"पुढचा ब्रेक दाबू नका" म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात तो मेसेज मला चार ग्रुपवर आलाय, "एमटीबी घेण्याआधी हे वाचा, पैसे वाचतील", खाली हिरव्या टिकमार्कचे सहा मुद्दे. (एमटीबी म्हणजे माउंटन बाइक, डोंगरवाटांवर चालवायची सायकल.) आमच्या सोसायटीतल्या एका पोराने तो वाचून सायकल घ्यायचा बेतच रद्द केला, म्हणून हे लिहितेय. मी काही एक्स्पर्ट वगैरे नाही हां, 41 व्या वर्षी सुरू केलं, तीन वर्षं पुण्याच्या टेकड्यांवर चालवतेय, आणि त्यात "टिप" म्हणून दिलेल्या दोन गोष्टींच्या खुणा अजून माझ्या कोपरावर आहेत.

पहिला मुद्दा असा की लाखाच्या खालची एमटीबी म्हणजे खेळणं, घ्यायची तर फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप. अहो, हा खेळ सुरूच झाला जुन्या खटारा सायकलींवर! कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात पोरं जाड टायरच्या जुन्या श्विन कंपनीच्या सायकली घेऊन कच्च्या रस्त्याने खाली सुटायची, 21 ऑक्टोबर 1976 ला तिथे पहिली रिपॅक रेस झाली, साडेतीन किलोमीटरही नाही आणि त्यात जवळजवळ 400 मीटर उतार. सस्पेन्शन नावाला नाही. माझी सायकल सेकंडहँड हार्डटेल, 14 हजारांची, म्हणजे पुढे शॉकअपवाला फोर्क आणि मागे काही नाही, आणि नवशिक्याला तेच बरं कारण दगडावर चाक कसं पडलं ते पायाला आणि कंबरेला लगेच कळतं. मेसेजचा एवढा भाग मात्र खरा की दुकानात दहा-बारा हजारात "डबल शॉकर" म्हणून जी मिळते ती घेऊ नका. वजनाला धोंडा, आणि चढावर पॅडल मारलं की सायकल पुढे जायच्या आधी स्प्रिंगच दबते. त्याच पैशात मागे शॉकअप नसलेली साधी घ्या, उरलेल्यात हेल्मेट आणि ग्लोव्हज.

"जितके गियर जास्त तितकी सायकल भारी." हे तर गणितच करून बघा. साध्या 21 गियरवाल्या सायकलला पुढची सगळ्यात छोटी चकती 24 दातांची आणि मागची मोठी 28 ची असेल तर पॅडलचा एक फेरा मारला की चाक 0.86 फेरा फिरतं. पुढे एकच 32 ची चकती आणि मागे 42 दातांपर्यंतची कॅसेट, म्हणजे नऊ चकत्यांचा संच, असेल तर 0.76. म्हणजे नऊ गियरवाली चढाला हलकी! शिवाय त्या 21 मधले बरेच एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून गियर मोजू नका, दात मोजा.

आता मुख्य भांडण. "उतारावर पुढचा ब्रेक कधीही दाबू नका, तोंडावर पडाल." मीही हेच ऐकून सुरुवात केली होती आणि पहिल्याच महिन्यात वेताळ टेकडीवर खाणीच्या बाजूच्या मुरमाड उतारावर फक्त मागचा ब्रेक गच्च धरून बसले, चाक लॉक झालं, मागची बाजू उजवीकडे सरकली आणि मी सरळ घाणेरीत. कारण साधं आहे, ब्रेक लावला की वजन पुढे जातं, उतारावर तर आणखीनच, मागचं चाक हलकं होतं आणि हलकं चाक काय धरणार? ते घसरतं. थांबवायची खरी ताकद पुढच्या चाकात असते. वर सांगितलेल्या त्या रिपॅकचं नावच बघा ना, त्या जुन्या सायकलींना पॅडल उलटं दाबून लागणारा मागचाच ब्रेक असायचा, खाली पोचेपर्यंत हब (चाकाचा मधला गाभा) इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर निघायचा, आणि दर फेरीनंतर हब उघडून नवीन ग्रीस भरायला लागायचं. भरणं म्हणजे रिपॅक.

मग माणसं तोंडावर पडतात ती का? तर हात ताठ, बूड सीटवर, वजन पुढे, आणि घाबरून चार बोटांनी एकदम आवळतात म्हणून. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आठवडाभर सराव करा. दोन्ही पॅडल आडव्या रेषेत, बूड सीटवरून उचलून थोडं मागे, कोपर वाकलेले, टाच खाली, लिव्हरवर एकच बोट, आणि पुढचा हळूहळू दाबत न्यायचा, झटका नाही. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, सुट्या मुरमात वळता वळता पुढचा दाबायचा नाही, हे खरंय, पण "कधीही नाही" आणि "इथे नाही" यात फरक आहे की नाही? आणि कुठला लिव्हर कुठल्या चाकाचा हे सगळ्या सायकलींवर सारखं नसतं, मित्राची सायकल मागून घेतलीत तर आधी ते तपासा.

"टायर दगडासारखे टाईट ठेवा, पंक्चर होणार नाही." होतं. बाभळीचा काटा हवा बघून घुसत नाही. आणि टाईट टायर दगडावरून चेंडूसारखा उडतो, पकड जाते (माझी दुसरी खूण यातलीच, पंपवाल्याने 60 पीएसआय हवा भरून दिली होती, पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप). माझं वजन 62, टायर 2.1 इंची, आत ट्यूब, मी 28 ते 30 पीएसआय ठेवते. फारच कमी केली तर रिम दगडावर आपटून ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, सापाच्या दातांसारखी, तसं झालं की दोन-तीन पीएसआय वाढवायची. प्रेशर दाखवणारा पंप घ्या आणि एक जादा ट्यूब सोबत.

गुडघ्यांचं थोडक्यात. चाळिशीनंतर गुडघे जातात म्हणे. मूळचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारा, पण मी बघितलेल्या बहुतेक "गुडघेदुखी" सायकलींची सीट नुसती खाली होती! पॅडल तळाला असताना त्यावर टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, तेवढी उंची ठेवा आणि हलक्या गियरवर भराभर पाय फिरवा. मोठ्या उताराआधी सीट खाली घ्यायची, चढाला परत वर.

शेवटचा मुद्दा वाचून हसूच आलं, "खरं माउंटन बायकिंग मनाली-लेहला, इथे काय आहे?" इथे बेसॉल्टचे दगड आहेत, मुरूम आहे, पावसाळ्यात शेवाळ आणि चाकात अडकून सायकल जागेवर उभी करणारी काळी माती आहे (तेव्हा जाऊच नका, वाटही खराब होते), शिकायला अजून काय पाहिजे? फक्त टेकड्यांवर बरीच जागा वनखात्याची आहे, तेव्हा फाटकावरच्या वेळा आणि नियम वाचा, सायकलला मनाई असेल तिथून परत फिरा. सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या मागून येताना लांबूनच घंटी वाजवा आणि वेग तोडा, वाट आधी त्यांची आहे. वर बाकावर बसलेले आजोबा मला दर रविवारी विचारतात, "सायकल चालवत आणलीस का गं, का उचलून?" आणि निम्म्या वेळा उत्तर उचलून असतं.