डिजिटल मतदार व्हायचंय? आधी प्रिंटर घ्या

मतदार यादी डिजिटल झालीये, कागदाचा जमाना गेला, तेव्हा तुम्ही पण जरा सुधरा राव. पहिलं काम म्हणजे यादीत नाव शोधा. साइट उघडा, कॅप्चा टाका, चुकला, परत टाका, त्यातलं ते शून्य आहे का ओ हे ज्याला ओळखता येतं त्यालाच लोकशाहीची खरी तळमळ आहे असं समजा. नाहीच सापडलं तर आपल्या भागाची पीडीएफ डाउनलोड करा आणि त्यात सर्च मारू नका, उगाच हसं होईल, कारण ती यादी म्हणजे यादीचा फोटो आहे. शोधता येईल अशी टेक्स्टमधली यादी द्या म्हणून काँग्रेसचे कमलनाथ २०१८ ला पार सुप्रीम कोर्टात गेले होते, नाही मिळाली. प्रायव्हसी हो! म्हणून आपण आपलं एकेक नाव डोळ्यांनी वाचायचं, शेकड्याने, म्हणजे आपलं सापडेपर्यंत अख्ख्या गल्लीची वयं पाठ होतात (समोरच्या काकू कट्ट्यावर सांगतात त्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या निघाल्या).

नाव सापडलं की लगेच खूश होऊ नका, नीट वाचा. मी मोरे. इंग्रजीत टाइप केलं, सॉफ्टवेअरने त्याचं मराठी केलं, झालो मोर. बायकोला लांडोर नाही केलं हे नशीब. मग दुरुस्तीला फॉर्म ८, तो ऑनलाइनच भरा, घरबसल्या काम. आठवड्याभराने बीएलओ, म्हणजे आपल्या बूथची यादी सांभाळणाऱ्या ताई येतील, दिवसभर अंगणवाडी करून, हातात तुमच्याच ऑनलाइन फॉर्मची प्रिंट, इथे सही करा आणि आधारची झेरॉक्स द्या. वाद घालू नका, गुपचूप कोपऱ्यावरून काढून आणा. त्या बिचारीचा काय दोष, यादी डिजिटल झाली तरी चार मजले तिलाच चढायचेत, ते पण बिनलिफ्टचे.

मतदार कार्ड पण मोबाईलमध्येच ठेवा, २५ जानेवारी २०२१ पासून ई-एपिक निघालंय, लॅमिनेशनचे वीस रुपये वाचतात. मी ठेवलं होतं. २० नोव्हेंबर २०२४, विधानसभा, कार्ड मोबाईलमध्ये, अनुक्रमांकाचा स्क्रीनशॉट मोबाईलमध्ये, आणि गेटवर हवालदार म्हणाला मोबाईल आत चालत नाही. म्हटलं अहो माझं ओळखपत्रच त्यात आहे, तर म्हणे मग प्रिंट आणायची ना. मोबाईल पानवाल्याकडे ठेवला, घरी जाऊन जुनं कार्ड शोधलं, परत आलो तर अनुक्रमांक आठवेना. आत तर काय, टेबलावर कागदाची यादी, पट्टी आणि लाल पेन, साहेब म्हणाले नंबर सांगा, मागे रांग आहे.

शेवटी बाहेर पक्षाच्या टेबलावर गेलो. तिथला पोरगा बोटाला थुंकी लावून पानं उलटत होता, कोपरे दुमडलेले, चहाचा डाग पडलेला. अर्ध्या मिनिटात बोट ठेवलं.

"मोर काका ना? ही घ्या चिठ्ठी."