बोटावरची शाई आणि दोरीची पेन्सिल

२०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेचे निकाल लागले, तेव्हा आमच्या भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर थोरल्या दादांनी लिहिले की सोलापूरकरांना आता निष्ठा म्हणून उरली नाही. मे महिन्यात काँग्रेसच्या प्रणिती शिंदे यांना लोकसभेत पाठवणाऱ्या शहराने, त्यांनी सलग तीनदा जिंकलेला शहर मध्य मतदारसंघ सहा महिन्यांत भाजपच्या देवेंद्र कोठे यांच्या हवाली करावा, हे त्यांना पटत नव्हते.

मी इंग्लंडमध्ये बर्नली या जुन्या गिरणगावात राहतो. लोकसभेच्या मतदानाच्या दिवशी, ७ मे रोजी, आईने शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. अनिवासी भारतीयाला मतदानासाठी स्वतः गावी हजर राहावे लागत असल्याने माझे मत मात्र राहूनच गेले. गंमत अशी, की राष्ट्रकुलातील देशाचा नागरिक म्हणून ४ जुलैला मी इथल्या संसदेसाठी मतदान केले. चर्चच्या सभागृहात दोरीला बांधलेल्या पेन्सिलीने फुली मारली आणि कोऱ्या बोटाने घरी आलो.

या गावाने १९३५ पासून २०१० पर्यंत मजूर पक्षाखेरीज कोणालाही निवडले नव्हते. पुढे लिबरल डेमोक्रॅट, पुन्हा मजूर, २०१९ मध्ये हुजूर पक्ष आणि २०२४ मध्ये परत मजूर, असा खेळ झाला. गिरण्यांबरोबर युनियनही ओसरली आणि बापाने दिले त्याच पक्षाला मुलाने मत द्यावे, हे जिथे ठरत असे ती जागाच राहिली नाही.

सोलापूर शहर मला याच जातकुळीचे वाटते. गिरण्यांचे भोंगे थांबले, यंत्रमाग आणि विडी तेवढी उरली. लाल बावट्याचे, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे, आडम मास्तर १९७८, १९९५ आणि २००४ असे तीनदा आमदार झाले. कुंभारीच्या रे नगरची ३०,००० घरकुलांची योजना त्यांनी झगडून आणली, पण जानेवारी २०२४ मध्ये पहिली १५,००० घरे कामगारांच्या हाती दिली ती पंतप्रधानांनी. त्याच वर्षी विधानसभेला मास्तर पडले. याला कृतघ्नपणा म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण घर मिळाल्यावर माणूस पुढचे काही मागू लागतो.

अकलूजचे गणित अगदी निराळे आहे. तिथले मोहिते-पाटील घराणे काँग्रेसमधून राष्ट्रवादीत गेले, २०१९ मध्ये भाजपच्या बाजूला आले आणि २०२४ मध्ये धैर्यशील मोहिते-पाटील शरद पवारांच्या पक्षाकडून माढ्याचे खासदार झाले. अकलूज ज्यात येते त्या माळशिरस तालुक्याने दोन्ही वेळा त्यांच्याच बाजूला आघाडी दिली. ऊस कुठल्या कारखान्याला घालायचा आणि पोरगा कुठल्या शाळेत घालायचा, हे ज्या घराशी जोडलेले असते, त्या घराबरोबर मत चालते; तिथे मतदार जागचा हललाच नाही, फक्त चिन्ह बदलले.

हे मी ग्रुपवर लिहिले, तेव्हा दादांनी सांगोल्याचे गणपतराव देशमुख पुढे केले: अकरा वेळा आमदार, आणि पक्ष एकच, शेतकरी कामगार पक्ष (शेकाप). मुद्दा बिनतोड होता. मात्र २०२४ मध्ये शेकापने सांगोला परत मिळवले ते गणपतरावांच्या नातवाला उभे करून. मग ते मत पक्षाला पडले की आजोबांना, असे मी विचारले, त्यावर दादांनी अजून काही लिहिलेले नाही.