जगात जर्मनी, ट्रिगरला परभणी

परभणीत राहून पिस्तुलाचा ट्रिगर दुरुस्त करायचा तर पहिली अडचण अशी की, त्याविषयी बोलायचं कुठे? आमचं पिस्तूल बिचारं १० मीटरचं एअर पिस्तूल. ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा हवेच्या दाबावर सोडायचा आणि कागदाला भोक पाडायचं, यापलीकडे त्याची महत्त्वाकांक्षा नाही. पण पिस्तूल म्हटलं की आमच्याकडे लोकांना आधी गावठी कट्टा आठवतो. जिंतूरच्या एसटीत मी मित्राला फोनवर सांगत होतो, "अरे, कधी नुसतं बोट लावलं तरी सुटतंय, आणि कधी कितीही दाबा, उडतच नाही." शेजारचे काका पिशवी उचलून गुपचूप कंडक्टरजवळ जाऊन उभे राहिले. मागच्या मावशी मात्र पुढे वाकून म्हणाल्या, "काय उडालं वो दादा, मोटार का डीपी?"

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. दोघांना एकाच पिस्तुलात नांदवायचा उद्योग मात्र माझ्याआधी कुणी केला नसावा. सांगाडा पुण्याच्या एका जुन्या नेमबाजाने विकलेला. मूठ आमच्या गल्लीतल्या सुताराने माझ्या पंजाच्या मापाने शिसवात कोरलेली. आणि ट्रिगर जर्मनीहून मागवलेला. त्याची किंमत घरात अजून कुणाला माहीत नाही, आणि इथेही लिहीत नाही.

नियम असा की, एअर पिस्तुलाचा चाप, म्हणजे ट्रिगर, किमान ५०० ग्रॅम वजन पेलणारा हवा. पिस्तुलाची नळी उभी धरायची, चापाला ५०० ग्रॅमचं वजन अडकवायचं आणि पिस्तूल वर उचलायचं. वजनासकट वर आलं तर पास. मधेच चाप सुटला तर स्पर्धेच्या दारातूनच परत. परीक्षेसाठी मी मोंढ्यातल्या किराणावाल्या मित्राकडून वजनमापवाल्यांचा शिक्का असलेलं अर्ध्या किलोचं लोखंडी माप आणलं आणि सुतळीने बांधलं. सकाळी चाप मधेच सुटला, माप माझ्या अंगठ्याच्या जरा बाजूला पडलं. दुपारी तेच माप त्याच चापाने ऐटीत उचललं. संध्याकाळी मित्राचा पोरगा दारात हजर, "काका, पप्पांनी माप मागितलंय. तूरडाळीचं गिऱ्हाईक थांबलंय."

ट्रिगरला बारीक बारीक स्क्रू. एक पहिल्या टप्प्याचा प्रवास ठरवतो, एक दुसऱ्या टप्प्याचं वजन, एक चाप सुटल्यावर बोट कुठे थांबावं ते. एकाला पाव आटा द्यावा तर दुसऱ्याचं बिनसतं. ते जागचे हलू नयेत म्हणून बायकोचं नेलपॉलिश लावायची युक्ती कुणीतरी सांगितली. ती बाटली भाचीच्या लग्नासाठी राखून ठेवलेली निघाली. स्क्रू हलले नाहीत. बाकी घर बरंच हललं.

गुजरी बाजारातल्या घड्याळवाल्या चाचांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बराच वेळ आत बघितलं आणि भिंग काढून म्हणाले, "सर, मशीन एकदम बढिया है. इसकू नको खोलो." मग त्यांनी स्वतःच खोललं, पुसलं, बसवलं, पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. ट्रिगर तिथे, त्यांच्या पंख्याखाली, झकास चालला. घरी आणल्यावर रात्रभर पाऊस पडला आणि सकाळी पुन्हा तेच रडगाणं.

मोठ्या लोकांचंही होतं असं. टोकियो ऑलिंपिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडलं आणि तिची अंतिम फेरी हुकली. पुढे २०२४ ला पॅरिसमध्ये त्याच १० मीटरमध्ये तिने कांस्यपदक घेतलं. हे मी घरी मोठ्या उमेदीने सांगितलं. बायको म्हणाली, "तिचं बिघडलं ऑलिंपिकमध्ये. तुमचं बिघडलंय माडीवर, कपड्याच्या दोरीखाली."

शेवटी मुठीला पॉलिश करून घ्यायला म्हणून सुताराकडे गेलो. त्याला ट्रिगरचं काही सांगितलंही नव्हतं. त्याने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री माझ्याकडून दोनदा करून घेतली, मूठ हातात फिरवली आणि चापाच्या मागच्या फटीत एसटीचं तिकीट सरकवून बघितलं. जाईना.

"सर, पावसाळ्यात दार नाही का अडकत? तसंच हे. लाकूड हाय ते, फुगणारच की."

शिसव फुगून चापाच्या पट्टीला कधी मागे रेटत होतं, कधी आवळून धरत होतं. जर्मनीचा काही दोष नव्हता. ज्या मराठवाड्यात निम्मा पावसाळा आभाळाकडे बघण्यात जातो, तिथे माझं पिस्तूल पावसाच्या ओलीने बिघडावं! आणि तक्रार तरी कुणाकडे करणार? आमच्या काकांचं सोयाबीन त्याच पावसावर तरारलं होतं. त्यांच्यासमोर 'पाऊस थांबला तर बरं होईल' असं पुटपुटलो, तर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

सुताराने पॉलिश पेपरने चार हात मारले, तिकीट सुळकन गेलं, आणि चापाने माप उचललं. परत उचललं. मी मोंढ्यात पेढे वाटले.

मग पावसाने दडी मारली. ऊन तापलं, सोयाबीनने माना टाकल्या, काका पुन्हा आभाळाकडे बघू लागले आणि लाकूड आक्रसून माझी मूठ पिस्तुलावर खुळखुळायला लागली. सामन्यात साठ गोळ्या, पंचाहत्तर मिनिटं, दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटरचं, आणि मुठीत खुळखुळा! पुन्हा सुताराकडे.

"सामने कधी हैत, सर?"

"डिसेंबरात."

"मग हिवाळ्याच्या मापानं पॅकिंग मारून देतो," तो पेन्सिल कानावर अडकवत म्हणाला. "पावसाळ्यात मात्र कॅरम खेळा."