बोटावर मतदान

काल संध्याकाळी डोंबिवलीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात माझं मत बाद झालं. मत माझ्याच बोटाबद्दल होतं.

ट्रिगर फिंगर झालंय. बोट वाकतं आणि वाकलेलंच राहतं. दुसऱ्या हाताने ओढलं की 'कट्ट' वाजून सरळ होतं. सकाळी तर फारच. बहुतेकांचा अंगठा किंवा अनामिका धरते, माझी मात्र उजवी तर्जनी. त्यामुळे फडके रोडवर मी नुसती उभी राहिले तरी कुणाला तरी "इकडे ये" म्हणून खुणावतेय असं दिसतं. रिक्षावाले थांबतात. परवा फुगेवाला आला. घेतला फुगा, काय करणार?

तर दवाखाना. समोर आजी-आजोबा बसले होते. गुडघे आजींचे दुखत होते, बोलत आजोबा होते.

"तुमचं काय?"

मी बोट दाखवलं.

"एवढंच?" माझा निदान खुबा तरी मोडलेला असावा अशी त्यांची अपेक्षा असणार. "डॉक्टर काय म्हणतात?"

"इंजेक्शन घ्या, नाहीतर छोटं ऑपरेशन. विचार करून सांगा म्हणाले. आज सांगायचंय."

"मग केला का विचार?"

"करतेय."

"एकटीच?"

आणि आजोबा उठून उभे राहिले. "मंडळी, जरा इकडे लक्ष द्या. या ताईंच्या बोटाचं ठरत नाहीये."

सोसायटीच्या मीटिंगांमध्ये आयुष्य गेलेला माणूस. आधी त्यांनी विषय मांडला, मग चर्चा खुली केली. एकाने सुईचा तिसरा मार्ग सुचवला, की वरून न कापता सुई आत घालून अडलेलं मोकळं करतात. "आत दिसत नाही आणि कापायचं? बसा खाली," आजोबा म्हणाले. (डॉक्टरांचंही जवळपास हेच म्हणणं होतं. तर्जनीत नस तिथून फार जवळ जाते म्हणे.) एका बाईंनी विचारलं, "तुमच्याकडे कणीक कोण मळतं?" मीच, म्हटल्यावर तीन-चार बायका तिथल्या तिथे इंजेक्शनच्या बाजूला गेल्या. हात प्लास्टरमध्ये असलेल्या मुलाला मान हलवून मत द्यायची सवलत मिळाली.

"ऑपरेशनच्या बाजूने कोण?"

मी हात वर केला. नेमकं तेव्हाच बोट अडकलं.

"ताई, बोट सरळ करा. असं मत धरता येत नाही."

आजींनीही हळूच हात वर केला होता. "तू पेशंट आहेस," आजोबा म्हणाले, "तुला मत नाही."

आता हसतेय, पण तिथे हसू आलं नव्हतं.

म्हणजे मी घरी विचार केलाच नव्हता असं नाही. आत नक्की काय होतं, तर परकराच्या नेफ्यात नाडीची गाठ अडकते ना, तेच. बोट वाकवणाऱ्या दोरीवर गाठ येते, ती जिथून सरकायची ते भोक अरुंद होतं. अल्फॉन्स नोटा या फ्रेंच डॉक्टरने १८५० साली या गाठीचं वर्णन केलं, अजून ती त्याच्याच नावाने ओळखतात. त्याच्या दवाखान्यात आमचे आजोबा नव्हते म्हणून जमलं त्याला. पट्टी बांधून बोट सरळ ठेवायचा उपाय माझा करून झालाय. पट्टी लावून भाजी चिरून बघा एकदा. स्टेरॉइडच्या इंजेक्शनने निम्म्याहून जास्त लोकांना आराम पडतो, पण मला शुगर आहे. शुगरवाल्यांना त्याचा गुण कमी येतो, वर काही दिवस साखर चढते ती वेगळीच. शिवाय ते दोन-तीनदाच देतात, मग ऑपरेशन आहेच. ऑपरेशन म्हणजे तळहातावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची चीर. तेवढीच जागा बधिर करतात, दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यातही जखम चिघळू शकते, बोट आखडू शकतं, नसेला धक्का लागू शकतो. शुगर असली की जास्तच जपायचं.

हे सगळं मी रात्री जागून तोललं. घरात मात्र तराजू एकच, मी पिळे पिळायला आणि पोळ्या लाटायला परत कधी लागणार. "इंजेक्शन घे ना, दुसऱ्या दिवशी कामाला मोकळी!" हे प्रेमाने म्हटलं जातं, म्हणून उलट बोलताही येत नाही. अहोंच्या खांद्याला सूज आली तेव्हा महिनाभर आमच्या घरात पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी नेऊन दिला जात होता. खांदा मोठा असतो ना. बोट एवढंसं.

डॉक्टरांनी आत बोलावलं. माझ्या मागोमाग आजोबाही दारापर्यंत आले. "बहुमत इंजेक्शनचं आहे, डॉक्टर."

मी ऑपरेशनची तारीख मागितली. आधी तीन महिन्यांची साखर तपासून या म्हणाले. येईन.

घरी येऊन पहिला फोन पोळी-भाजी केंद्राला लावला. पंधरा दिवस रोज वीस पोळ्या. "एवढ्या? का हो, काय झालं?" पलीकडच्या वहिनींनी विचारलं. सांगितलं.

"अय्या, बोटाचं ऑपरेशन? नका हो करू! माझ्या जावेच्या भावाने..."

मी फोन ठेवला. दुसरं केंद्र शोधतेय.