जोडी की नग?

कालपासून मी घरात कुणाशी धड बोललेलो नाही. काय झालं विचारलं तर "बूट" एवढंच सांगतो.

टाच दुखायची. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की खिळा घुसायचा. तळवे सपाट निघाले. डॉक्टरांनी मापाचे इनसोल, म्हणजे बुटात घालायचे आतले तळ, करून दिले आणि बजावलं, पळायचे बूट न्यूट्रलच घ्या, स्वतःचा आधार नसलेले. आधार इनसोल देतंय, वर बुटानेही दिला तर बाहेरच्या अंगाला कलंडाल. म्हणून काल संध्याकाळी, पाय दिवसभराचे फुगलेले असताना (हीसुद्धा त्यांचीच सूचना), कोथरूडच्या एका दुकानात गेलो.

"तुमचे फ्लॅट फूट आहेत सर, स्टेबिलिटीच घ्या, आधारवाले," विक्रेत्याने रस्त्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. मी न्यूट्रल मागवला आणि त्यातलं आयतं इनसोल ओढलं. ते गोंदाने चिकटवलेलं. चर्रर्र!

बाकावर नातवाची वाट बघत बसलेले काका वळले. "काय फाडलंत?"

"काढलं. माझं घालायचंय."

माझं इनसोल त्यांनी न विचारता उचललं, वाकवून पाहिलं, हापूसचा देठ हुंगावा तसं नाकाशी नेलं आणि लगेच पस्तावले.

"कितीला?"

"साडेचार हजार."

"जोडी की नग?"

"जोडी."

"तेवढ्यात मी स्कूटर घेतली होती. स्टेपनीसकट." मग माझ्या पायांकडे बघून, "अजून चालते."

मी नाडी बांधायचं नाटक करत राहिलो. काका थांबणाऱ्यातले नव्हते. "मी चाळीस वर्षं पर्वती चढतोय. कोल्हापुरी घालून."

"टाच दुखत नाही?"

"दुखते ना! पण मी कुणाला सांगत नाही."

एव्हाना आठ नंबरात इनसोलने टाच वर उचलली होती आणि प्रत्येक पावलाला ती बुटाबाहेर डोकावत होती. नऊ नंबरात पुढे एवढी जागा, की काकांची स्कूटर लागली असती. मला हवा होता आठच, पण रुंद.

"वाइड आपल्याकडे येत नाही सर. हाच वापरून सैल होईल."

"लांबीला की रुंदीला?"

"दोन्हीकडून."

"आणि किमतीला?" हे काका.

माझं म्हणणं, अर्धं आयुष्य चपलेत काढलेल्या पसरट पायांच्या लोकांना हे निमुळते बूट कशासाठी विकतात? वाइड ऑनलाइन बघा म्हणे. स्क्रीनवर अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का, हे कसं चाचपायचं? बूट परत पाठवायला पुन्हा मीच लंगडत जायचं.

रिकाम्या हाताने निघालो. पाठीमागून काकांचा आवाज आला, "सावकाश हो, पायरी आहे!"

घरी पिशवी उघडली. उजवं इनसोल माझं. डावं दुकानाचं, गोंदासकट.

आज परत जायचंय. काका पर्वतीवर असतील ती वेळ गाठावी म्हणतोय, पण दुकान अकराशिवाय उघडत नाही.